शपथ सुटली म्हण, अक्का

"ताई, माझं वय 26. आम्ही पूर्व भागात राहतो. वडील चादरीच्या कारखान्यात माग चालवतात, अम्मा घरी विड्या वळते. मी एमआयडीसीत एका टॉवेल कंपनीच्या ऑफिसात हिशोब बघते. धाकटा भाऊ 20 वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेत, हे घरात फक्त मला माहीत आहे. अख्खा उन्हाळा तो फुल बाह्यांचे शर्ट घालून फिरला. राखी बांधताना बाही वर सरकली आणि हातावर जखमांच्या खुणा दिसल्या, काही जुन्या, काही ओल्या. सगळे मार्कंडेयाचा रथ बघायला गेल्यावर मी त्याला विचारलं. म्हणाला, 'अक्का, मीच केलंय. मरायचं नाहीये मला. आत काय होतं ते सांगता येत नाही, असं केलं की थोडा वेळ शांत वाटतं.' मी खूप रडले. पुन्हा करणार नाहीस म्हणून अम्माची शपथ घातली. तेव्हापासून रोज रात्री त्याचे हात तपासते. हात ठीक दिसतात, पण परवा त्याच्या चादरीवर रक्ताचा डाग दिसला. आता तो माझ्याशी बोलतही नाही. मैत्रीण म्हणते, लक्ष वेधून घ्यायची नाटकं आहेत. अम्माला बीपी आहे. माझ्यासाठी स्थळं बघताहेत, बाहेर कळलं तर काय? घरी सांगू का? त्याला डोक्याच्या डॉक्टरकडे न्यावं लागेल का?"
– एक अक्का, सोलापूर

प्रिय अक्का,

तुझ्या प्रश्नांकडे नंतर येते. आधी एक काम सांगते, ते आज रात्रीच कर. त्याचे हात तपासू नकोस. त्याच्या शेजारी बस आणि म्हण, "मी घातलेली शपथ सुटली. अम्माला काहीही होणार नाही. तुझ्याकडून पुन्हा झालं असेल तरी मी चिडणार नाही." एवढंच बोल आणि उठ. लगेच उत्तर मागू नकोस.

शपथ घालताना तुझ्या मनात फक्त माया होती, हे मला पत्राच्या ओळीओळीत दिसतं. हातावर रक्त दिसल्यावर कुठलीही बहीण तेच करेल. पण त्या शपथेचं त्याच्या बाजूने काय झालं असेल ते बघ. आधी त्याच्याकडे एक असह्य भावना होती आणि तिला थोपवायचा एक घातक मार्ग होता. आता तोच मार्ग धरला की अम्माच्या जिवावर उठल्याचं पापही डोक्यावर येतं. म्हणजे थांबणं सोपं झालं नाही, सांगणं मात्र अशक्य झालं. तू तपासतेस ती जागा स्वच्छ आणि चादरीवर डाग, याचा अर्थ एवढाच. तो तुला फसवत नाहीये. तुझ्यासमोर उभं राहायची त्याला लाज वाटते आहे.

आणि ही लाजच या सगळ्याच्या मुळाशी बसलेली असते. स्वतःला इजा करणाऱ्या तरुण मुलामुलींशी बोललं की बहुतेकदा एकच क्रम ऐकू येतो. काहीतरी घडतं, अनेकदा बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल असं. निकाल लागतो, मित्र ग्रुपमधून काढून टाकतात, वडील जेवताना फीचा विषय काढतात. आत काहीतरी उसळतं. ते राग आहे, भीती आहे की अपराधीपणा, हे त्या क्षणी त्यालाही कळत नाही, फक्त सहन होत नाही. मग इजा होते. दुखणं थांबताना शरीर थोडं सैलावतं आणि त्याबरोबर मनही काही मिनिटं शांत होतं. तुझा भाऊ "शांत वाटतं" म्हणाला ते खरं आहे, ते खोटं पाडायला जाऊ नकोस. पण ती शांतता सावकाराच्या पैशासारखी असते. आजची नड भागते आणि व्याज चढत जातं. तासाभरात लाज येते, "मी असा कसा" म्हणून स्वतःचीच किळस वाटते, ती लपवावी लागते, लपवताना माणूस आणखी एकटा पडतो, आणि पुढच्या वेळी उसळणारी भावना आधीपेक्षा मोठी असते. शपथ त्या व्याजातच भर घालते.

मैत्रिणीला वाटतं ही नाटकं आहेत. तिला म्हणावं, नाटक करणारा सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये फुल बाह्या घालून घामाने निथळत फिरत नाही. ज्याला दाखवायचं असतं तो लपवण्यासाठी एवढे कष्ट घेत नाही. 2004 साली मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टीन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी इजा करून घेणाऱ्या किशोरवयीन रुग्णांनाच कारणं विचारली होती. सगळ्यात जास्त मुलांनी सांगितलं ते नको असलेली भावना थांबवण्याबद्दल. काही जण म्हणाले, आत सगळं बधिर झालं होतं, काहीतरी जाणवावं म्हणून केलं. दुसऱ्याचं लक्ष जावं किंवा एखाद्या प्रसंगातून सुटका व्हावी, ही कारणंही होती, पण ती मागे होती. आणि समजा, एखाद्याला खरंच आपल्याकडे कुणी बघावं असं वाटत असेल, तर ती भूक लाजिरवाणी कशी? ज्याला स्वतःला जखम करून हाक मारावी लागते, त्याच्याकडे बघायलाच हवं. "लक्ष वेधतोय" हे वाक्य आपल्याकडे दार बंद करायला वापरतात, याचा मला मनापासून राग येतो.

तो एकटाही नाही. 2014 साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला, त्यात किशोरवयीनांपैकी सुमारे 17 टक्के आणि तरुणांपैकी सुमारे 13 टक्के जणांनी आयुष्यात कधी ना कधी, मरायचा हेतू नसताना, स्वतःला इजा केल्याचं सांगितलं होतं. हे मुलींचंच दुखणं आहे असं अनेकांना वाटतं. मुलगेही करतात, फक्त ते उशिरा सापडतात. भिंतीवर मूठ आपटून हात सुजवून घेतलेल्या मुलाला आपण "तापट आहे" म्हणून सोडून देतो.

आता तुझ्या भावाकडे वळते. मी त्याला भेटलेले नाही, त्यामुळे जे लिहिते ते तुझ्या पत्रावरून आणि थोडं अंदाजाने. घरातला पहिला इंजिनिअर. बाप मागावर जादा पाळी करतो, अम्मा हजाराच्या हिशोबाने विड्या वळते, अक्काच्या पगारातून फीचा हप्ता जातो. घरात कुणी त्याला टोचून बोलत नसेलही. पण जेव्हा सगळ्यांचे कष्ट आपल्या नावावर जमा होतात, तेव्हा राहिलेले दोन विषय हे दोन विषय राहत नाहीत. प्रत्येक घासाबरोबर तो मनात वजाबाकी करत असेल. वडिलांवर राग काढता येत नाही, कारण ते काही चुकीचं करतच नाहीत. रडता येत नाही, कारण मुलगा आहे. सांगता येत नाही, कारण सांगितलं तर अम्माचं बीपी. राग, दुःख, भीती या तिन्हींना बाहेर पडायला वाट नसली की माणूस त्या स्वतःकडे वळवतो. स्वतःला शिक्षा केली की थोडं फिटल्यासारखं वाटतं. अपराधीपणातून स्वतःला इजा करणारे तरुण खूप असतात, आणि ते बहुधा घरातले सगळ्यात शहाणे, शब्द न उलटणारे असतात.

"आत काय होतं ते सांगता येत नाही" हे त्याचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आपल्याला काय वाटतंय हे ओळखणं आणि त्याला नाव देणं काहींना खरोखर अवघड जातं. त्यांना छातीत दाब जाणवतो, हात थरथरतात, डोकं गच्च होतं, पण हे दुःख आहे की राग, हे उमगत नाही. अशा मुलांमध्ये स्वतःला इजा करण्याचं प्रमाण जास्त आढळतं. म्हणून "तुला काय वाटतं, सांग ना" हा प्रश्न त्याला परीक्षेच्या पेपरासारखा वाटेल. त्यापेक्षा शरीराचं विचार. "छातीत दाटून येतं का? झोप कशी लागते? दिवसातला कुठला वेळ सगळ्यात जड जातो?" याची उत्तरं देता येतात. घरी तुम्ही तेलुगू बोलत असाल, तर हे तेलुगूतच विचार. समोरासमोर बसून विचारायची गरज नाही. संध्याकाळी त्याला गाडीवर बसव, सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला एक चक्कर मारा. नजरेला नजर नसली की मुलगे जास्त बोलतात.

मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच दुखण्यासाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी नावाची, भावना हाताळायला शिकवणारी उपचारपद्धती उभी केली. त्यांचं म्हणणं असं, की काही माणसं जन्मतःच भावनांना हळवी असतात. त्यांना लवकर लागतं, जास्त लागतं आणि शांत व्हायला वेळ लागतो. त्यात आजूबाजूचे लोक सतत म्हणत राहिले, "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास", तर त्या माणसाचा स्वतःच्या भावनेवरचा विश्वास उडतो आणि ती हाताळायला तो कधी शिकतच नाही. या बाईंनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः मनोरुग्णालयात होत्या आणि स्वतःला इजा करत होत्या. भावाला हे सांगता आलं तर सांग. यातून बाहेर पडलेली माणसं असतात, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. आणि हे वाचून अम्मा-वडिलांना दोष देत बसू नकोस. "एवढ्याशा गोष्टीचं काय" हे आपल्या सगळ्यांच्याच घरात बोललं जातं. ज्यांनी गिरण्या बंद पडताना पाहिल्या, त्यांना दोन विषय एवढेसेच वाटणार.

मरणाबद्दल मात्र स्पष्ट लिहिते. मरायचं नाहीये हे त्याचं म्हणणं खरं धर, पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नकोस. मरायच्या इराद्याविना इजा करून घेणाऱ्यांतही पुढे आत्महत्येचा प्रयत्न होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून त्याला सरळ विचार, "मरून जावं असं कधी मनात येतं का? हल्ली आलं होतं का? कसं करायचं असा विचार केला होतास का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून जीव सुटल्यासारखा वाटतो, असंच या कामातल्या लोकांचा अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात. उत्तर "हो" आलं, त्याने काही ठरवून ठेवलेलं असलं, तो निरोपाचं बोलू लागला, किंवा जखमा खोल होऊ लागल्या, तर त्याला एकटं सोडू नकोस आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. तेव्हा कुणाची परवानगी, कुणाचं बीपी, कुणाचं स्थळ, काही बघायचं नाही. अम्मा-वडिलांच्या गोळ्या आतापासूनच कुलपात ठेव. इजा करायला हाताशी येतील अशा वस्तू त्याच्याशी बोलून बाजूला काढ. चोरून झडती घेऊ नकोस.

भावना उसळते तो वेळ बहुधा फार लांब नसतो. ती चढते आणि उतरते. तेवढ्या वेळात त्याला हाताला काही काम हवं. तोंडावर थंड पाणी मारायचं, काही सेकंद चेहरा थंड पाण्यात बुडवून धरायचा, याने धडधड खरंच कमी होते. जिना दोन-चारदा भराभर चढायचा-उतरायचा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. आणि तुला एक अक्षर पाठवायचं, मोबाईलवर नुसतं "अ". ते आलं की तू "काय झालं, परत केलंस का" विचारायचं नाहीस, फक्त जाऊन जवळ बसायचं. ऑफिसात असलीस तर फोन लावायचा आणि कपाशीचे भाव बोललीस तरी चालेल. यातलं एखादं जमेल, एखादं नाही. एखाद्या दिवशी काहीच जमणार नाही आणि पुन्हा इजा होईल. तेव्हा जखम धुऊन ड्रेसिंग कर, खोल वाटली तर दवाखान्यात ने, आणि चेहरा शांत ठेव. तुझं रडणं त्याच्यासमोर नको. रड, पण मैत्रिणीपाशी रड, आणि ती नाटकं म्हणणारी असेल तर दुसरी शोध.

घरी सांगण्याबद्दल. तो 20 वर्षांचा आहे, सज्ञान आहे. त्याच्या पाठीमागे सांगितलंस तर शपथेनंतरचा हा दुसरा घाव ठरेल. त्याला म्हण, "हे आपल्या दोघांच्याने पेलणारं नाही. कुणाला सांगायचं, कधी आणि काय सांगायचं, ते तू ठरव. सांगताना मी शेजारी बसेन." माझा अंदाज, तो आधी वडिलांना टाळेल. मला मात्र वाटतं, वडिलांपासूनच सुरुवात करावी. मागावर आयुष्य काढलेला माणूस आपल्याला वाटतो तेवढा कच्चा नसतो. आणि अम्माच्या बीपीचं म्हणशील तर, घरात काहीतरी लपवलं जातंय हे तिला आधीच जाणवत असणार. तिलाही झोप नसेल. जखमांचं तपशीलवार वर्णन करायची गरज नाही. "त्याला खूप ताण आहे, त्यात तो स्वतःला त्रास करून घेतोय, आपण डॉक्टरांकडे जातोय" इतकं पुरे. आणि ते राहिलेले दोन विषय त्याच बैठकीत सांगून टाका. ते ओझं उतरलं तर निम्मं काम होईल, असं माझं मन सांगतं.

स्थळाचं थोडक्यात. भावाच्या मनाच्या दुखण्यावरून जे घर नकार देईल, त्या घरात उद्या तुला ताप आला तर काय होईल, याचा विचार कर. पण बाहेर कळायचं कारणच नाही. मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्याने उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राखणं बंधनकारक केलेलं आहे. पोलीस केसची भीतीही काढून टाक. स्वतःला अशी इजा करणं हा गुन्हा नाही. आत्महत्येच्या प्रयत्नालाही शिक्षा सांगणारं जुन्या दंड संहितेतलं 309 कलम जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेलं नाही.

"डोक्याचा डॉक्टर" या शब्दाला घाबरू नकोस. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढायचा आणि बसायचं. गर्दी असते, वाट बघावी लागते, तो दिवस तू रजा घे. या सवयीवर म्हणून वेगळी गोळी नसते. आत नैराश्य किंवा चिंतेचा आजार असेल तर त्यावर औषध देतात, आणि खरा उपचार बोलण्याचा असतो, आठवड्यांचा, कधी महिन्यांचा. लिनेहान बाईंची पद्धत किंवा भावना हाताळायला शिकवणारं समुपदेशन कुठे मिळेल, हे तिथेच विचार. दोन भेटींत फरक दिसला नाही म्हणून सोडू नका. एखाद्या डॉक्टरने "काही नाही, लग्न केल्यावर ठीक होईल" किंवा "एवढा शिकलेला असून असं करतोस" असं ऐकवलं, तर डॉक्टर बदला, उपचार बंद करू नका.

तो यायला तयार नसेल, तर आधी तू फोन कर. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, नंबर 14416. फुकट आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येतं, तेलुगूतही. दुखणं असलेल्या माणसानेच बोलायला हवं असं नाही, घरचेही बोलू शकतात. हा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये तुझ्या नावाखाली सेव्ह करून दे, त्याला सांगून. कारण रात्री दोन वाजता त्याला तुला उठवावंसं वाटणार नाही.

फोनवर किंवा ओपीडीत पहिल्यांदा काय विचारतात ते आधीच एका कागदावर लिहून ठेव: हे साधारण कधीपासून चालू आहे, झोप आणि जेवण कसं आहे, दारू किंवा दुसरं काही व्यसन आहे का, मरणाचा विचार बोलून दाखवला का, आधीचा काही आजार, चालू औषधं. भाऊ तयार असेल तर कागद त्यालाच लिहू दे. तोंडाने न निघणारं बरंच काही कागदावर निघतं. शपथ सुटली म्हटल्यावर तो काय म्हणाला, ते मला लिही. काहीच बोलला नाही, तरी लिही.

तुझी,
ताई